खडू, मार्कर की पडदा?
वर्गातल्या फळ्याची निवड शिक्षकाच्या नजरेतून

जून महिना जवळ आला की शाळांची रंगरंगोटी सुरू होते. भिंतींना चुना लागतो, फळ्यांवर काळ्या रंगाचा हात फिरतो आणि ज्या शाळेच्या हाती थोडाफार निधी असतो, तेथे एक प्रश्न हमखास पुढे येतो. यंदा जुनाच फळा रंगवायचा, त्या जागी पांढरा बसवायचा, की वर्गणी काढून मोठा डिजिटल पडदा घ्यायचा? निर्णय बहुधा संस्थाचालक, शाळा व्यवस्थापन समिती किंवा देणगीदार घेतात. पुरवठादाराचे माहितीपत्रकही त्यात आपला वाटा उचलते. त्या फळ्यासमोर दिवसाचे पाच-सहा तास उभे राहणाऱ्या शिक्षकाला मात्र फार क्वचित विचारले जाते.

शिक्षकाला काय हवे असते, याचे उत्तर 'जुने की नवे' अशा सोप्या वाटणीत सापडत नाही. गणित शिकवणारा खडूचा आग्रह धरतो आणि तोच शिक्षक विज्ञानाच्या तासाला पडदा मागतो. पहिलीच्या बाईंना फळा हवा असतो, पण तो मुलांच्या हाताला पोहोचेल इतका खाली. या निवडीमागे सवय असते, तशीच बरीचशी व्यवहारी आणि शास्त्रीय कारणेही असतात. ती समजून घेतली, तर शाळेचा पैसा आणि मुलांचे डोळे दोन्ही वाचू शकतात.

धूळपाटीपासून डिजिटल बोर्डापर्यंत

भिंतीवरच्या फळ्याचा इतिहास वाटतो तितका जुना नाही. पंतोजींच्या शाळांत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. अक्षर गिरवून झाले की धूळ पुन्हा सारखी करायची आणि नव्याने लिहायचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी स्थानिक मुलांना वाळूत अक्षरे काढताना पाहिले आणि ती रीत आपल्या शाळेत आणली. १७९७ मध्ये त्यांनी आपल्या प्रयोगाचा वृत्तांत इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केला. तथापि धूळपाटी काय किंवा दगडी पाटी काय, ती एकेका मुलाची होती. गुरुजींनी लिहिलेले सगळ्या वर्गाला एकाच वेळी दिसण्याची सोय त्यात नव्हती.

ही सोय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाली. अमेरिकेतील वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गणित शिकवणारे जॉर्ज बॅरन आणि एडिंबरोच्या हायस्कूलचे प्रमुख जेम्स पिलान्स यांची नावे फळ्याच्या आद्य प्रवर्तकांत घेतली जातात. पिलान्स यांनी भूगोलाच्या तासाला नकाशे काढण्यासाठी फळा आणि रंगीत खडू वापरले. म्हणजे 'दृश्य साधन' आणि 'लिहिण्याची जागा' या दोन्ही भूमिका फळ्याने जन्मापासूनच बजावल्या आहेत.

भारतात फळा हा सरकारी धोरणाचा विषय झाला तो १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर. १९८७ मध्ये 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड' म्हणजेच खडू-फळा योजना सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन वर्गखोल्या, किमान दोन शिक्षक (त्यांपैकी शक्यतो एक महिला) आणि फळा, नकाशे, तक्ते, खेळणी, पुस्तके असे किमान साहित्य मिळावे, हा तिचा हेतू होता. फळ्यासाठी देशपातळीवर योजना आखावी लागली, यावरूनच तेव्हाच्या शाळांची स्थिती लक्षात येते. पुढे तीन दशकांनी, २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ब्लॅकबोर्डकडून डिजिटल बोर्डकडे' जाण्याची भाषा आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनी 'ऑपरेशन डिजिटल बोर्ड' जाहीर केले.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळांनी या दिशेने आधीच पावले टाकली होती. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरील शाळेचा प्रयोग राज्यभर गाजला. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि पडदे आले. त्यामुळे आज एकाच तालुक्यात सिमेंटचा काळा फळा, हिरवा फळा, पांढरा फळा आणि स्पर्शाने चालणारा पडदा अशी चारही साधने शेजारी शेजारी आढळतात.

काळा, हिरवा आणि पांढरा

काळ्या फळ्याचे बलस्थान म्हणजे त्याचा खरखरीतपणा. खडूचे कण त्या खरखरीत पृष्ठभागावर अडकतात आणि रेघ उमटते. फळा गुळगुळीत झाला की खडू घसरतो, अक्षर पुसट येते आणि फळा चमकू लागतो. म्हणूनच त्याला ठरावीक काळाने रंग द्यावा लागतो. एकेकाळी जुन्या सेलमधली काळी पूड किंवा कोळसा फासून फळा 'नवा' करण्याचे काम मुलेच करीत.

आपल्याकडचा नेहमीचा खडू प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये पाणी मिसळून, ते साच्यात ओतून तयार होतो. रासायनिकदृष्ट्या तो जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट असतो. त्याची बारीक भुकटी पंख्याच्या वाऱ्याने वर्गभर पसरते. ती विषारी नसली तरी दमा किंवा ॲलर्जी असलेल्या शिक्षकाला आणि पहिल्या बाकावरच्या मुलांना तिचा त्रास होतो. 'डस्टलेस' म्हणून विकले जाणारे खडू मुख्यत: कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. त्यांचीही भुकटी पडते, पण तिचे कण जड असल्याने ते हवेत न तरंगता खाली बसतात. डस्टर कोरडे आपटण्याऐवजी फळा ओल्या फडक्याने पुसावा, हा साधा उपायही धूळ बरीच कमी करतो.

हिरवा फळा हे काळ्याचेच पुढचे रूप. मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्यावरचा हिरवा रंग दीर्घकाळ टिकतो आणि त्यावर चमक कमी असते. हा फळा चुंबकीय असल्याने तक्ते आणि चित्रे त्यावर सहज लावता येतात. मात्र हिरव्यावर लाल खडूने लिहू नये, असे अनुभवी शिक्षक सांगतात. त्याला कारण आहे. लाल-हिरव्या रंगांतला भेद न कळणे हा दृष्टिदोष मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी अधिक आढळतो आणि तो असणाऱ्या मुलाला स्वत:लाही अनेकदा त्याचा पत्ता नसतो. पांढरा आणि पिवळा हे दोन रंग सर्वांना दिसतात.

पांढऱ्या फळ्याचे गणित वेगळे आहे. मार्करच्या शाईत रंगद्रव्य, लवकर उडून जाणारे अल्कोहोलसारखे द्रावक आणि शाईला पृष्ठभागाशी घट्ट चिकटू न देणारा तेलकट घटक असतो. पृष्ठभाग गुळगुळीत आणि छिद्ररहित असेल तोवर अक्षर अलगद पुसले जाते. स्वस्त मेलामाइनच्या फळ्यावर काही महिन्यांत सूक्ष्म चरे पडतात, त्यांत शाई मुरते आणि आधीच्या तासाची धूसर सावली पुढच्या तासाला फळ्यावर राहते. पोर्सेलिनचा मुलामा दिलेला पोलादी फळा बराच जास्त टिकतो, पण तो महाग असतो. चुकून न पुसणाऱ्या मार्करने लिहिले गेले, तर त्याच अक्षरांवर पांढऱ्या फळ्याच्या मार्करने गिरवून लगेच पुसावे. त्यातील द्रावक जुनी शाई सैल करते.

धूळ नाही, हात पांढरे होत नाहीत, रंग ठळक दिसतात हे पांढऱ्या फळ्याचे फायदे निर्विवाद आहेत. संगणक कक्षात आणि वातानुकूलित खोल्यांत त्याला पर्याय नाही. तक्रार असते ती मार्करच्या बेभरवशाची. खडू किती उरला आहे, ते डोळ्यांना दिसते. मार्कर मात्र वाक्याच्या मध्यावर कोरडा पडतो. टोपण नीट लागले नाही, तर तो रात्रीतून वाळतो. खडूचा तुकडा एका मुलापासून दुसऱ्या मुलाच्या हाती सहज जातो, मार्कर मोजून द्यावा लागतो.

मराठी शिकवणाऱ्यांचा एक मुद्दा तर इंग्रजी माहितीपत्रकांत सापडणारच नाही. देवनागरी अक्षर वळणांचे आहे. 'क्ष', 'ज्ञ', 'ळ' यांची वळणे काढताना हाताला थोडा रोध लागतो आणि तो रोध खडू देतो. गुळगुळीत फळ्यावर मार्कर घसरतो, वेलांटी आणि उकार पसरट होतात, शिरोरेघ तिरपी जाते. ज्या वयात मूल बाईंच्या हाताकडे पाहून अक्षराचे वळण शिकते, त्या वयात हा फरक किरकोळ नसतो.

मागच्या बाकावरून काय दिसते?

फळा चांगला की वाईट, हे त्याच्यापुढे उभे राहून ठरत नाही. ते शेवटच्या बाकावर बसून ठरते. नेत्रतपासणीच्या तक्त्यात निर्दोष दृष्टीच्या माणसाला सहा मीटर अंतरावरून जेमतेम वाचता येणारे अक्षर सुमारे नऊ मिलिमीटर उंचीचे असते. त्याच प्रमाणात आठ मीटर लांबीच्या वर्गात शेवटच्या बाकासाठी किमान बारा मिलिमीटर लागतील. पण ही 'जेमतेम' वाचण्याची मर्यादा झाली. दिवसभर न थकता वाचायचे तर त्याच्या तिप्पट, म्हणजे साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास अक्षर हवे. देवनागरीत मात्रा-वेलांट्या वर आणि उकार-ऋकार खाली येतात. त्यामुळे ओळींमधले अंतरही इंग्रजीपेक्षा अधिक लागते.

दुसरा प्रश्न चमकेचा. आपल्या बहुतेक वर्गखोल्यांत एका बाजूला खिडक्या आणि दुसऱ्या बाजूला व्हरांडा असतो. दुपारच्या उन्हात पांढऱ्या फळ्यावर खिडकीचे प्रतिबिंब पडते आणि एका कोपऱ्यातल्या मुलांना फळ्याचा मोठा भाग दिसतच नाही. प्रोजेक्टरची गत याहून अवघड. भर दिवसा उजेडात त्याचे चित्र फिके पडते. खिडक्या लावून अंधार केला, तर एप्रिलच्या उन्हाळ्यात वर्गात बसवत नाही. प्रकाश स्वत: बाहेर टाकणारे नवे पडदे या बाबतीत सरस आहेत. मात्र त्यांची लांबी-रुंदी जुन्या फळ्याच्या निम्मीही नसते. शिवाय वीज गेली की आपला तास कोरा पडणार, ही धास्ती ग्रामीण भागातील शिक्षकाच्या मनात कायम असते.

लिहिताना दिसणे महत्त्वाचे

या सर्व अडचणी तंत्रज्ञान उद्या कदाचित दूर करील. फळ्याचा खरा प्रश्न मात्र त्याच्याही पलीकडचा आहे. तयार आकृती दाखवणे आणि ती मुलांसमोर काढणे, या दोन गोष्टी एकच आहेत का?

अमेरिकेतील शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ लोगन फिओरेला आणि रिचर्ड मेयर यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हाच प्रश्न तपासला होता. विषय होता डॉप्लर परिणामाचा. एका गटाला तयार आकृत्यांसह स्पष्टीकरण ऐकवले, तर दुसऱ्या गटासमोर शिक्षकाने बोलता बोलता त्या आकृत्या काढल्या. आकृती काढली जाताना पाहणाऱ्यांना, त्यातही ज्यांचे पूर्वज्ञान कमी होते त्यांना, विषय अधिक चांगला समजल्याचे आढळले.

कारण समजण्यासारखे आहे. तयार आकृती एकदम समोर आली, तर कुठून पाहायला सुरुवात करायची हेच नवख्याला कळत नाही. हाताने काढलेली आकृती एकेका रेघेने वाढते आणि नजर हाताच्या मागे जाते. लिहिण्याचा वेग मर्यादित असल्याने शिकवण्याचा वेगही आपोआप आवरला जातो. भागाकाराचे उदाहरण फळ्यावर सोडवले जाते, तेव्हा मुलाला उत्तराबरोबर शिक्षक कुठे थांबला, काय खोडले, हातचा कुठे लिहिला, हेही दिसते. स्लाइडवर नेमके हेच हरवते.

हे केवळ शाळकरी मुलांपुरते नाही. जगभरातील गणितज्ञांमध्ये आजही खडू-फळ्याला मानाचे स्थान आहे. जपानमधील हागोरोमो कंपनीने २०१५ मध्ये आपले खडू-उत्पादन थांबवले, तेव्हा अनेक गणितज्ञांनी त्या खडूंचे साठे करून ठेवले. पुढे त्या कंपनीची यंत्रसामग्री दक्षिण कोरियात गेली आणि उत्पादन पुन्हा सुरू झाले.

पुसायचे की ठेवायचे?

जपानचा उल्लेख आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. जेम्स स्टिग्लर आणि जेम्स हिबर्ट यांनी जर्मनी, जपान आणि अमेरिका येथील आठवीच्या गणिताच्या तासांच्या चित्रफितींचा तौलनिक अभ्यास केला आणि १९९९ मध्ये तो पुस्तकरूपाने मांडला. त्यांना जपानी आणि अमेरिकी शिक्षकांत एक लक्षणीय फरक दिसला. अमेरिकी शिक्षक दृश्य साधनांचा वापर प्रामुख्याने मुलांचे लक्ष एका ठिकाणी वेधण्यासाठी करीत. ओव्हरहेड प्रोजेक्टर त्यांना प्रिय होता, कारण बोलून झालेला भाग झाकता येतो. जपानी शिक्षकांचा कल फळ्याकडे होता आणि लिहिलेले ते सहसा पुसत नसत. तासाच्या आरंभीचा प्रश्न, मुलांनी सुचवलेल्या निरनिराळ्या रीती आणि शेवटचा निष्कर्ष, असा सारा प्रवास डावीकडून उजवीकडे फळ्यावर कायम राही. मधेच लक्ष उडालेले मूल मागे जाऊन धागा पकडू शके.

जपानी भाषेत या फलकलेखनाला 'बान्शो' म्हणतात आणि फळ्यावर कुठे काय येणार, याचा आराखडा तासाआधी केला जातो. आपल्याकडेही डी.एड.-बी.एड.च्या पाठांत फलकलेखनाला गुण असतात, पाठ टाचणात त्याचा रकाना असतो. पण छात्राध्यापकाचा शिक्षक झाला की तो रकाना बहुधा मागे पडतो. फळा छोटा असेल, तर पुसण्यावाचून इलाजही नसतो. म्हणूनच फळा किती आधुनिक यापेक्षा किती लांब, हा प्रश्न शिक्षकाच्या दृष्टीने अधिक मोलाचा ठरतो.

पडदा कशासाठी?

याचा अर्थ पडदा निरुपयोगी आहे, असा नव्हे. हृदयाच्या झडपांची उघडझाप, पेशीविभाजन, ज्वालामुखीचा उद्रेक, ग्रहणाच्या वेळची सूर्य-चंद्र-पृथ्वीची स्थिती या गोष्टी खडूने सांगता येतात, दाखवता येत नाहीत. जे हलते, जे फार लहान किंवा फार मोठे आहे, जे दूर आहे, ते पडद्यानेच वर्गात येते. पुण्यात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'बालचित्रवाणी'ने दूरचित्रवाणीच्या माध्यमातून हेच काम अनेक वर्षे केले. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. त्या प्रयोगात तंत्रज्ञान पाठ्यपुस्तकाच्या जोडीला आले, त्याची जागा घ्यायला नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

नुसता पडदा बसवल्याने निकाल सुधारतो, या समजाला मात्र आधार मिळालेला नाही. लंडनमधील शाळांत मोठ्या प्रमाणावर बसवलेल्या इंटरॅक्टिव्ह फळ्यांचे मूल्यमापन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पहिल्या वर्षभरात विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर परिणाम झाल्याचा सांख्यिकीय पुरावा आढळला नाही. साधन वापरण्यामागे शिकवण्याची कोणती रीत आहे, यावर सारे अवलंबून असते.

दृश्य साधन म्हणजे महागडे साधन, हेही खरे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या आणि पुढे कोसबाडला नेलेल्या बालशिक्षणाच्या कामात शंख-शिंपले, बिया, पाने यांपासून साधने घडवली. महागड्या माँटेसरी साहित्याला तो अस्सल देशी पर्याय होता. अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या 'आयुका'त टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी उभी केली. दशक-एकक शिकताना काड्यांचा गठ्ठा मुलाच्या हातात असणे हे पडद्यावर गठ्ठा पाहण्यापेक्षा अधिक मोलाचे असते.

साधनांच्या प्रचारात एक टक्केवारी वारंवार पुढे केली जाते. माणूस वाचलेले दहा टक्के, ऐकलेले वीस टक्के, पाहिलेले तीस टक्के लक्षात ठेवतो आणि केलेले नव्वद टक्के, असे सांगून त्याला एडगर डेल यांच्या 'अनुभवशंकू'चा आधार दिला जातो. प्रत्यक्षात १९४६ मध्ये डेल यांनी मांडलेल्या शंकूत एकही टक्केवारी नव्हती. ती नंतर कोणीतरी चिकटवली. खरेदीच्या प्रस्तावात हे आकडे दिसले, तर पुढची पाने अधिक काळजीपूर्वक वाचावीत.

निवड कोणी करावी?

करोनाच्या काळात, २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि अनेक घरांत स्मार्टफोन नव्हते. तेव्हा सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ्यपुस्तकातील धडे रंगवले. झारखंडमधील दुमका जिल्ह्यातील दुमरथर गावात मातीच्या भिंतींवर फळेच तयार झाले आणि मुले अंतर राखून आपापल्या फळ्यासमोर बसली. अडचणीच्या वेळी शिक्षकाने काय निवडले, हे त्यातून दिसते. सर्वांना दिसेल, वाट पाहील आणि बंद पडणार नाही अशी लिहिण्याची जागा त्याला हवी होती.

शाळेने खरेदीपूर्वी काही प्रश्न शिक्षकांना विचारावेत. कोणत्या इयत्तेसाठी आणि कोणत्या विषयासाठी साधन हवे आहे? दुपारी वर्गात उजेड कुठून येतो? वीज किती वेळ असते? पडदा बिघडला तर दुरुस्तीला कोण आणि किती दिवसांत येईल? मार्करचा वर्षभराचा खर्च कशातून भागवायचा? शाळेला मिळणारे अनुदान पटसंख्येनुसार ठरते. त्यामुळे लहान शाळेने एकदाच्या खरेदीपेक्षा रोजच्या खर्चाचा विचार आधी करणे शहाणपणाचे. आणि पडदा घेतलाच, तर तो जुना फळा काढून त्या जागी लावू नये, शेजारी लावावा. दाखवण्याचे काम पडद्याचे आणि उलगडण्याचे फळ्याचे, अशी वाटणी केली तर दोन्ही साधनांचे चीज होते.

अखेरची परीक्षा सोपी आहे आणि तिला पैसा लागत नाही. भर दुपारी बारा वाजता शिक्षकाला फळ्यावर चार ओळी लिहायला सांगाव्यात आणि ज्यांच्या सहीने खरेदी होणार आहे, त्यांनी शेवटच्या बाकावर, भिंतीकडच्या कोपऱ्यात, मुलाच्या उंचीवर बसून त्या वाचून पाहाव्यात.